मोड आलेले सातू

बिअर कशी करतात ते पाहायला मी पुण्याला जाणार, हे कळल्यावर मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यात थोडी कुजबुज झाली. कवी माणूस, वयाची पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी आणि आता हे काय? मी पीत नाही, कधी प्यालो नाही. पण भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याचा एक दोस्त अशा छोट्या कारखान्यात काम करतो, आणि मला जुन्या गोष्टी कशा बनतात ते बघायचं वेड आहे. एवढंच कारण.

आत शिरताच जो वास आला त्यानं मी जागच्या जागी थांबलो. तो वास दारूचा नव्हता. अम्मा नाचणीचं सत्त्व करायची त्या दिवशीचा घरातला वास होता. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची. दात न आलेल्या पोरांना तेच भरवायचं. इथं पोत्यांत सातू होते, म्हणजे जव, दुकानदार ज्याला बार्ली म्हणतो. त्यांनाही असेच मोड आणून वाळवलेले. त्याला ते माल्ट म्हणतात. कारण दोन्हीकडे एकच आहे. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की ती पिठाची साखर करतात. आपल्याकडे ती साखर बाळाच्या पोटात जाते. इथं भरडलेला माल्ट साधारण 65 अंशांच्या पाण्यात मुरवतात, गोड पाणी गाळून घेतात, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळतात, निववतात आणि मग त्यात यीस्ट सोडतात. उरलेला चोथा गुरांना जातो.

चवीसाठी लहान लहान पेले मांडले होते. "मामू, तुम्ही नुसता वास घ्या," भाचा म्हणाला. घेतला. गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास होता, आणि आत ना केळं ना लवंग, सगळी करामत यीस्टची. काळीला कॉफीचा वास, तो करपेपर्यंत भाजलेल्या सातूचा. भाचा प्रत्येकाचा एक घोट घेऊन मान डोलवत होता, मुशायऱ्यात बसल्यासारखा.

महाराष्ट्रातला असा पहिला छोटा कारखाना 2009 साली पुण्यातच निघाला, 'डूलाली' नावाचा. नाव आपल्या देवळालीचंच. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून गोरे सोल्जर चक्रावून जायचे, म्हणून इंग्रजीत तो शब्द रुळला.

शब्दांचं निघालंच आहे तर सांगतो. 'दारू' हा फारसी शब्द, अर्थ औषध. 'दवादारू'त तो अजून शाबूत आहे. 'अल्कोहोल' अरबीतल्या 'अल-कुह्ल'वरून आला, आणि तो कुह्ल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा! पाव फुगवणारं खमीर आणि निषिद्ध मानलेली 'खम्र' यांचं मूळ एक. सरबत आणि शराब तर सख्ख्या बहिणी. आणि आपलं सरकारही भाषेला धरून आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी!

हा कायदा आकाशातून पडला नव्हता. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं इंग्रजांनी दारू गाळणं आणि विकणं परवान्याखाली आणलं, तिजोरी भरू लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1880 मध्ये, पुण्यात दारूची दुकानं वाढताहेत म्हणून नगरपालिकेला पत्र लिहिलं ते महात्मा फुल्यांनी. त्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. पुढे 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात चाललं. सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव हा भाग साताऱ्यातच, कुंडल मात्र औंध संस्थानात. न्यायदान, बिनखर्चाची गांधी-लग्नं, वाचनालयं यांच्या जोडीला दारूबंदी हा त्यांच्या कामाचा भाग होता. गुत्ता बंद पडला की इंग्रजाचं उत्पन्न बुडायचं आणि बाईचा संसार तरायचा. यातलं पहिलं कारण 1947 ला संपलं. दुसरं कुठे संपलंय?

आता गंमत बघा. ते कुंडल आज पलूस तालुक्यात आहे. आणि 2001 साली सरकारनं द्राक्षांसाठी धोरण आणलं, तेव्हा दोन वाइन पार्क ठरले, एक नाशिककडे विंचूरला आणि दुसरा याच पलूसला. तासगावच्या शेतकऱ्याला द्राक्ष शिकवावं लागत नाही. 'तास-ए-गणेश' हे वाण इथलंच, बेदाणाही इथलाच. पण वाइनचं द्राक्ष वेगळं. ते बारीक, जाड सालीचं, बियांचं असतं. टोपलीत घालून बाजारात नेलं तर कुणी घेत नाही, बेदाणाही नीट होत नाही. कारखानदारानं पाठ फिरवली की माल बांधावरच. 2008 नंतर मंदीत मागणी ढासळली तेव्हा नेमकं हेच झालं. बाग उभी करायला वर्षं लागतात, मांडवाला कर्ज काढावं लागतं. ज्यांनी अशा बागांवर कुऱ्हाड चालवली, त्यांना दारूबंदीचं व्याख्यान द्यायला माझी जीभ रेटत नाही. नाशिकनं जम बसवला, पलूसला ते जमलं नाही. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं शेतकऱ्याचं नाव घेऊनच केला. गदारोळ झाला आणि अंमलबजावणी राहिलीच.

या वादात शेतकरी बोलतो, मंत्री बोलतो, कीर्तनकार बोलतो. पुण्यातला तो वासाचा पेला मला आवडला, हे कबूल करतो. तिथं कुणी झिंगलेलं नव्हतं. पण तो पेला महाग असतो, आणि गावातल्या दुकानापुढे रात्री जे चालतं त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. साताऱ्यातच नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथं येणारा माणूस केळ्या-लवंगेचा वास घेऊन आलेला नसतो.

त्या दुकानाबद्दल गावातल्या बाईला विचारायची सोय कायद्यात आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मात्र एक मेख आहे. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात, नुसती झालेल्या मतदानातली निम्मी नव्हे. जी बाई आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. म्हणून अशा मतदानाच्या दिवशी बायका घरोघर फिरतात, ऊसतोडीला गेलेल्यांना निरोप धाडतात, आणि आजारी म्हाताऱ्यांना रिक्षात घालून केंद्रावर आणतात.