लाप्सी (श्रद्धाच्युत ख्रिस्ती आणि त्यांचा पुनःस्वीकार)

लाप्सी : छळाच्या काळात जिवाच्या, मालमत्तेच्या किंवा घरच्यांच्या भीतीने ख्रिस्ताला नाकारून बसलेल्या आणि नंतर परत येऊ पाहणाऱ्या प्राचीन ख्रिस्ती लोकांना दिलेले लॅटिन नाव, अर्थ ‘पडलेले’. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियस याच्या फर्मानामुळे असे लोक एकाएकी फार मोठ्या संख्येने निर्माण झाले. त्यांना क्षमा आहे का, असल्यास ती कोणी, केव्हा आणि कोणत्या अटींवर द्यायची, या प्रश्नावरून कार्थेज आणि रोम येथील चर्च दुभंगले. आज कॅथलिक माणूस पापनिवेदनाला जातो तेव्हा ज्या प्रथेचा आधार घेतो, तिची बरीच जडणघडण या वादात झाली आहे.

फर्मानापूर्वी या बाबतीत ठरलेला नियम नव्हता. नव्या करारात दोन्ही सूर आहेत. मुख्य याजकाच्या वाड्यात पेत्राने येशूची ओळख तीनदा नाकारली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू त्याला सरोवराकाठी तीनदा प्रेमाबद्दल विचारतो आणि कळप त्याच्याच हवाली करतो. उलट, जो माणसांसमोर मला नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, असा इशारा मत्तयाच्या शुभवर्तमानात (10:33) आहे, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय तर परतीची वाटच बंद झाल्यासारखा वाटतो. दुसऱ्या शतकात रोमच्या हर्मासने ‘मेंढपाळ’ या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी मान्य केली. कार्थेजच्या तेर्तुलियनने उत्तरायुष्यात मूर्तिपूजा, व्यभिचार आणि खून ही पापे चर्चच्या क्षमेच्या पलीकडची ठरवली. हे सगळे विवेचन तुरळक व्यक्तींना डोळ्यांसमोर ठेवून झाले होते. निम्मी मंडळी एका आठवड्यात पडली तर काय करायचे, हे कोणी विचारातच घेतले नव्हते.

डेसियसचे फर्मान इ. स. 249 च्या अखेरीस किंवा 250 च्या आरंभी निघाले. साम्राज्यातील रहिवाशांनी देवांना बळी द्यावा, मद्याचे अर्घ्य ओतावे, नैवेद्याचे मांस चाखावे आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा, असा त्याचा आशय होता. ईजिप्तच्या कोरड्या वाळूत असे 40 हून अधिक दाखले पपायरसवर सापडले असून त्यांतील बहुतेक 250 च्या जून-जुलैमधील आहेत. त्यांत मगररूपी देव पेतेसुखोस याच्या पुजारिणीचाही दाखला आहे; म्हणजे हुकूम केवळ ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता. संशयावाचूनही प्रत्येकाला अधिकाऱ्यासमोर जावे लागे, आणि ख्रिस्ती माणसाची कोंडी नेमकी इथेच होई. रोमचा बिशप फेबियन 20 जानेवारी 250 रोजी मृत्यू पावला. थोर भाष्यकार ऑरिजेनचा तुरुंगात छळ झाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन शहर सोडून लपला आणि पत्रांतून कारभार पाहू लागला. पुढाऱ्याने पळावे का, यावरून रोमच्या धर्मगुरूंनी त्याच्याबद्दल बोचरे पत्र धाडले होते, हे ध्यानात ठेवल्यावाचून त्याच्या पुढच्या भूमिकेचे वजन कळत नाही. पडलेल्यांचा न्याय करणारा हा माणूस स्वतः कसोटीच्या दिवशी शहरात नव्हता. पुढे 14 सप्टेंबर 258 रोजी सम्राट व्हॅलेरियनच्या कारकिर्दीत त्याचा शिरच्छेद झाला.

सिप्रियनचा ‘लाप्सींविषयी’ हा ग्रंथ (251) आणि त्याच्या पत्रव्यवहारातील सुमारे 80 पत्रे ही या प्रकरणाची मुख्य साधने होत. त्यांतून दिसणारे चित्र क्लेशकारक आहे. कार्थेजमध्ये पकडण्याची वाट न पाहता लोक आपण होऊन चौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत, तर आजच उरकून घ्या अशी विनवणी होई. आईबाप तान्ह्या मुलांना उचलून वेदीपाशी नेत. पडण्याचे प्रकार मात्र वेगवेगळे होते. प्रत्यक्ष बळी देणारे, केवळ चिमूटभर धूप जाळणारे, आणि काहीही न करता पैसे चारून दाखला मिळवणारे असे तीन वर्ग त्या काळी धरले जात. तिसऱ्या वर्गातल्या अनेकांना आपण काही गैर केले असे सुरुवातीला वाटलेच नव्हते. आपण धूर्तपणे वाचलो अशी त्यांची समजूत होती. ख्रिस्ताला नाकारल्याची लेखी कबुली आपल्या नावावर आहे, हे त्यांना पुढे बिशपांकडून कळले. याहून विशेष म्हणजे, ज्यांनी बळी दिला नाही, दाखलाही घेतला नाही, पण तसे करावे असा विचार मनात आणला, असे काही लोकही दुःखी होऊन धर्मगुरूंकडे आले. सिप्रियन त्यांना अतिरेकी म्हणून परत पाठवत नाही. तो त्यांचे उदाहरण देऊन बाकीच्यांना कबुलीचे आवाहन करतो.

या पत्रांतली माणसे नावानिशी समोर येतात. बोना नावाच्या स्त्रीला तिचा नवरा वेदीकडे ओढत घेऊन गेला, इतरांनी तिचे हात धरून बळीचा विधी उरकला; आपण हे केले नाही, तुम्ही केले, असे ती ओरडत राहिली आणि तिला हद्दपार करण्यात आले. रोममध्ये छळ सोसून सुटलेला सेलेरिनस हा आपल्या पडलेल्या बहिणीसाठी रडत राहिला. ऐन पुनरुत्थानाच्या सणातही त्याने शोकाची वस्त्रे उतरवली नाहीत. तिच्यासोबतच्या दुसऱ्या स्त्रीने लाच देऊन बळी टाळला होता. पुढे या दोघींनी कार्थेजहून रोमच्या बंदरावर उतरणाऱ्या निर्वासित बांधवांना सामोऱ्या जाऊन त्यांतल्या 65 जणांची सगळी देखभाल केली. सेलेरिनस आपल्या पत्रात त्यांच्यासाठी क्षमा मागताना हीच सेवा पुढे करतो.

हे पत्र त्याने बिशपाला लिहिलेले नव्हते, कार्थेजच्या तुरुंगातल्या लुसियानसला लिहिले होते. आणि वादाचे मूळ इथे आहे. छळ सोसूनही न डगमगलेल्या धर्मसाक्षींना चर्चमध्ये मोठा मान होता. रक्तसाक्षीची मध्यस्थी देवापुढे चालते या श्रद्धेने पडलेले लोक तुरुंगाच्या दाराशी गर्दी करू लागले, आणि धर्मसाक्षी त्यांना ‘शांतिपत्रे’ देऊ लागले. काही पत्रांत तर अमुक इसम व त्याची माणसे एवढाच मजकूर असे. त्या आधारावर वीस जण आत घ्यावेत की तीस, कोण सांगणार? लुसियानसने पुढे जाऊन साक्षींच्या वतीने सरसकट सर्वांना क्षमा जाहीर केली. सिप्रियनने याला विरोध केला, तो सत्तेच्या ईर्षेने, असे काही इतिहासकार मानतात. त्याच्या अधिकाराचा प्रश्न त्यात होताच, हे नाकारता येणार नाही. तरीही त्याच्या हरकतीत तथ्य आहे. जखम न तपासता पट्टी बांधली तर ती आत चिघळते, असे तो पुन्हा पुन्हा बजावतो. आणि खरोखर ज्याचे मन आपल्या कृत्याने पोखरलेले असते त्याला कोणीतरी घाईने दिलेला कागद फार काळ पुरत नाही.

सिप्रियन 251 च्या वसंतात कार्थेजला परतला आणि आफ्रिकेतील बिशपांची परिषद भरली. ज्यांनी फक्त दाखला घेतला होता त्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावे, आणि ज्यांनी बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे, मात्र मरणाच्या दारात त्यांना क्षमा नाकारू नये, असे तिथे ठरले. अँटोनियनस या बिशपाला लिहिलेल्या लांब पत्रात सिप्रियन या चौकशीत काय पाहायचे ते सांगतो. हुकूम निघताच धावत गेलेला आणि दीर्घकाळ झगडून शेवटी हरलेला, यांना एकाच मापाने मोजायचे का? एकाने बायकोमुलांना आणि भाडेकऱ्यांनाही पुढे केले. दुसऱ्याने एकट्याने जाऊन दोष अंगावर घेतला आणि सगळे घर वाचवले, शिवाय पळून आलेल्या बांधवांना आसरा दिला. हे दोघे सारखे कसे? पडलेल्याला ‘काय केलेस’ यापुढे जाऊन ‘कसा पडलास’ हे विचारण्याची ही रीत मला या संपूर्ण वादातली सर्वांत मोलाची कमाई वाटते. पुढच्या एक-दोन वर्षांत, नवा छळ जवळ आल्याची चिन्हे दिसताच, 42 बिशपांनी प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच क्षमा दिली. ज्यांना लढायला पाठवायचे त्यांना ख्रिस्ताच्या शरीररक्ताच्या प्रसादाविना निःशस्त्र कसे ठेवायचे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

रोममध्ये विद्वान धर्मगुरू नोव्हेशियनने याउलट भूमिका घेतली. 251 मध्ये कॉर्नेलियसची बिशप म्हणून निवड झाल्यावर तो प्रतिस्पर्धी बिशप बनला. पडलेल्यांना देव क्षमा करो, चर्चने करू नये, ही नोव्हेशियनची शिकवण. ती निर्दय वाटली तरी पोकळ नव्हती. जे मरण पत्करून गेले त्यांच्या निष्ठेचा मान राहावा ही तळमळ तिच्यामागे होती. त्याचा पंथ काही शतके टिकला. निकेयाच्या परिषदेत (325) त्या पंथाचा बिशप असेसियस याने हीच कठोर भूमिका मांडली, तेव्हा मग शिडी लावून एकट्यानेच स्वर्गात चढ, असे सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला सुनावल्याचे इतिहासकार सॉक्रेटिसने नोंदवले आहे.

नोव्हेशियनला सर्वांत समर्पक उत्तर अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने दिले. ते युसेबियसच्या ‘चर्चचा इतिहास’ या ग्रंथात जपले गेले आहे. सेरापियन नावाच्या वृद्धाने छळात बळी दिला होता. तो वारंवार क्षमा मागे, पण कोणी लक्ष देईना. आजारपणात त्याची वाचा गेली. तीन दिवस तो बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी थोडी शुद्ध येताच त्याने नातवाला धर्मगुरूकडे पाठवले. रात्र होती आणि धर्मगुरू स्वतः आजारी. मरणाऱ्याने मागितल्यास क्षमा द्यावी, असा डायोनिसियसचा आदेश होता. धर्मगुरूने पवित्र भाकरीचा लहान तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात थेंब थेंब घालायला सांगितले. मुलाने तसे केले, म्हाताऱ्याने घोट घेतला आणि लगेच प्राण सोडला. क्षमेपर्यंत त्याला राखून ठेवले होते, हे यातून उघड होत नाही का, असे डायोनिसियस विचारतो. इथे सिद्धांताचा एक शब्दही नाही, आणि तरी नोव्हेशियनचा सगळा डोलारा याने कोसळतो.

चौथ्या शतकात प्रायश्चित्ताच्या पायऱ्या ठरल्या. निकेयाच्या 11 व्या नियमानुसार सक्तीवाचून पडलेल्याने तीन वर्षे श्रोत्यांत, सात वर्षे साष्टांग पडणाऱ्यांत आणि दोन वर्षे प्रसादाविना प्रार्थनेत सहभागी होऊन काढायची. 13 व्या नियमाने मरणासन्न माणसाला शेवटचा प्रसाद नाकारण्यास मनाई केली. परतणाऱ्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नसत. तो एकदाच होतो आणि पडल्याने पुसला जात नाही, ही धारणा कायम राहिली. हे जाहीर प्रायश्चित्त पुढे मागे पडून खासगी पापनिवेदन रूढ झाले, आणि 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ते वर्षातून एकदा सक्तीचे केले. जुन्या जाहीर विधीची खूण वसई-मुंबईच्या आणि गोव्याच्या चर्चमध्येही दरवर्षी दिसते: राखेच्या बुधवारी कपाळी लावली जाणारी राख मुळात या प्रायश्चित्त करणाऱ्यांसाठी होती.

जपानमध्ये सतराव्या शतकापासून हा प्रश्न आणखी बिकट रूपात उभा राहिला. नागासाकी परिसरात लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे, आणि क्षमा द्यायला देशात एकही धर्मगुरू उरला नव्हता. गुप्त ख्रिस्ती पाय ठेवून घरी येत आणि पूर्ण पश्चात्तापाची ‘कोन्चिरिसान’ ही प्रार्थना म्हणत. 1603 सालच्या एका पुस्तिकेतून ती आलेली होती. देवावरील प्रेमातून उपजलेला पश्चात्ताप, संधी मिळताच पापनिवेदन करण्याच्या निश्चयासह, क्षमा मिळवून देतो ही तिची शिकवण. 1865 मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गुप्त ख्रिस्ती फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना येऊन भेटले, तोवर त्या समाजाने सात पिढ्या धर्मगुरूविना काढल्या होत्या. त्यांच्या टिकण्यात या प्रार्थनेचा वाटा मोठा होता असे मानायला जागा आहे: दरवर्षी पडूनही ज्याला परत येता येते, तो कायमचा दूर जात नाही.

आपल्या हातून अक्षम्य पाप घडले, पवित्र आत्म्याची निंदा झाली, या भीतीने आजही अनेक श्रद्धावंत खचतात. ऑगस्टीनने या पापाचा अर्थ अखेरच्या श्वासापर्यंत क्षमा झिडकारत राहणे असा लावला; त्या अर्थाने, जो क्षमेसाठी तळमळतो त्याच्या हातून ते घडलेलेच नसते. प्रॉटेस्टंट परंपरेत क्षमेसाठी धर्मगुरूची मध्यस्थी आवश्यक मानत नाहीत. देवापुढची कबुली आणि ख्रिस्तावरील विश्वास पुरतो. कॅथलिक धर्मकायद्यात धर्मत्यागाला बहिष्काराची शिक्षा आहे, पण परतीचा मार्ग प्रायश्चित्त संस्कारातूनच जातो. आणि 976 व्या कलमानुसार, मरणाच्या धोक्यात असलेल्या माणसाला कोणताही दीक्षित धर्मगुरू, त्याच्याकडे एरवी पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसला तरी, सर्व पापांतून आणि शिक्षांतून मुक्त करू शकतो.