सेंट लुईसचे वृद्धिघटक

मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. नाव वॉशिंग्टनचे असले तरी ते अमेरिकेच्या राजधानीत नाही, मिझुरी राज्यात आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चर्चा करताना आजचे वैद्यक ज्या दोन वृद्धिघटकांचे नाव वारंवार घेते, त्या दोहोंचा माग प्रथम याच विद्यापीठात, 1950 नंतरच्या दशकात लागला. आणि तो लावणाऱ्यांपैकी कोणीही आतड्याच्या रोगाचा शोध घेत नव्हते, ही गोष्ट मला विज्ञानाच्या इतिहासात फार मोलाची वाटते.

रीटा लेवी-मोंताल्चिनी या मूळच्या इटलीतील तूरिनच्या. मुसोलिनीच्या सरकारने 1938 साली वंशभेदाचे कायदे जारी करून ज्यूंना विद्यापीठांचे दरवाजे बंद केले, तेव्हा या बाईंनी घरातील निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर, युद्धाच्या धामधुमीत, मज्जातंतूंच्या वाढीचा अभ्यास चालू ठेवला. 1947 साली व्हिक्टर हँबर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या सेंट लुईसला आल्या. उंदराच्या एका अर्बुदाचा तुकडा गर्भाला जोडला असता मज्जातंतू त्याच्या दिशेने बेफाम वाढतात, असे तेथे त्यांच्या दृष्टीस पडले. आणि या प्रकाराचा छडा काचपात्रात लावावा म्हणून 1952 साली अर्बुदग्रस्त उंदीर हातपिशवीत घालून त्या विमानाने रिओ द जानेरोला गेल्या. तेथे अर्बुदाच्या तुकड्याजवळ ठेवलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्याभोवती एका दिवसात तंतूंचे दाट प्रभामंडळ उभे राहिले. अर्बुदातून काहीतरी स्रवत होते, आणि ते वाढीचा हुकूम देत होते.

त्या द्रव्याची रासायनिक ओळख पटवण्यासाठी 1953 साली स्टॅन्ले कोहेन हे जीवरसायनज्ञ सेंट लुईसमध्ये त्यांना येऊन मिळाले. अर्बुदाच्या अर्कातील न्यूक्लिक आम्ल नष्ट करण्यासाठी त्यात सर्पविष घातले, तो वाढ खुंटण्याऐवजी अधिकच जोमाने होऊ लागली. विषातच ते द्रव्य अर्कापेक्षा कितीतरी अधिक होते. सापाची विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, तेव्हा कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीकडे मोर्चा वळवला, तिचा अर्क नवजात पिलांना टोचला, आणि एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे पिलांचे डोळे सातव्या दिवशीच उघडल्याचे त्यांना दिसले. दुसऱ्या एखाद्याने ही बाब टिपणवहीच्या समासात नोंदवून सोडून दिली असती. कोहेन यांनी मात्र मज्जातंतूंचा मामला बाजूला ठेवून पापणीच्या त्वचेचा पिच्छा पुरवला आणि 1962 साली, नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून, एका स्वतंत्र प्रथिनाचा तपशील प्रसिद्ध केला. शरीराच्या आतल्या-बाहेरच्या आवरणपेशींना वाढवणारा हाच तो एपिडर्मल वृद्धिघटक. 1986 साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या शोधाच्या वाट्याला एवढी कीर्ती आली नाही, आणि त्याची मला खंत वाटते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातीलच विल्यम सॅमन आणि विल्यम डॉगडे यांनी 1957 साली दाखवून दिले, की पीयूषिका ग्रंथीचा वृद्धिसंप्रेरक काचपात्रातील कूर्चेवर थेट घातला तर तिच्यावर फारसा परिणाम होत नाही; परंतु ग्रंथी काढलेल्या उंदराला तोच संप्रेरक टोचून नंतर त्याचे रक्तद्रव्य घातले, तर कूर्चा किरणोत्सर्गी गंधकयुक्त क्षार झपाट्याने शोषू लागते. म्हणजे संप्रेरक स्वतः कामाला न जाता एक कारभारी नेमतो, आणि तो कारभारी रक्तातून हिंडतो. हा मध्यस्थ मुख्यत्वे यकृतात तयार होतो हे पुढे कळले. आणि 1978 साली झ्यूरिच येथे रिंडरक्नेख्ट व हुंबेल यांनी त्याची रेणुरचना उलगडली, तेव्हा ती इन्शुलिनच्या रचनेशी इतकी मिळतीजुळती निघाली की त्याचे इन्शुलिनसदृश वृद्धिघटक हे नाव कायमचे झाले.

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते, म्हणून वाढीच्या आज्ञांना ते फार तत्परतेने प्रतिसाद देते. ज्या टोराँटोत 1922 साली इन्शुलिनने पहिल्या मधुमेही मुलाला जीवदान दिले, त्याच शहरातील गेल मॅकिओन-आयसेन यांनी 1994 साली, आणि पाठोपाठ 1995 साली हार्वर्डच्या एडवर्ड जोव्हानुच्ची यांनी असा तर्क मांडला, की स्थूल देह, बैठे जीवन आणि पिष्टमय आहार यांमुळे रक्तात सतत चढे राहणारे इन्शुलिनच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला खतपाणी घालत असावे. इन्शुलिन वाढले की इन्शुलिनसदृश वृद्धिघटकाला बांधून ठेवणारी काही प्रथिने घटतात, मोकळा घटक वाढतो, पेशी विभागत राहतात आणि ज्या पेशींनी वेळेवर मरावे त्या मरत नाहीत. पुढील पाहण्यांत प्रौढांच्या मधुमेहात हा धोका सुमारे 30 टक्क्यांनी अधिक आढळला. वृद्धिसंप्रेरकाच्या अतिरेकाने ज्यांचे हातपाय व जबडा वाढतो, त्या रुग्णांच्या आतड्यातही अर्बुदांकुर अधिक सापडतात.

उपचाराच्या बाजूने मात्र दोन शोधांचे भाग्य निराळे ठरले. कोहेन यांच्या घटकाचा ग्राही, म्हणजे पेशीवर तो ज्याला चिकटतो ते प्रथिन, अडवणारे सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड 2004 साली आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले. मात्र अर्बुदातील केआरएएस जनुक बिघडलेले असेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे 2008 पर्यंत स्पष्ट झाले आणि औषधापूर्वी त्या जनुकाची तपासणी करण्याचा प्रघात पडला. डॉगडे यांच्या कारभाऱ्याचा ग्राही अडवणारी प्रतिपिंडेही मोठ्या आशेने तयार झाली, परंतु रुग्णांवरील चाचण्यांत ती निष्प्रभ ठरली. कारण तो ग्राही बंद होताच पीयूषिका ग्रंथी अधिक वृद्धिसंप्रेरक सोडते, रक्तातील साखर चढते, तिच्यामागून इन्शुलिन चढते, आणि इन्शुलिनचा स्वतःचा ग्राही पेशीवर मोकळाच असतो.