ऊन, वारा आणि धुणें

ओलें लुगडें वाळतें तें उन्हानें कीं वाऱ्यानें, असा प्रश्न घरांतल्या कोणत्याहि वडीलधाऱ्या बाईस विचारला, तर ती हंसून 'दोहोंनीं' असें उत्तर देईल. परंतु श्रावणांतल्या अनुभवानें तिला याहून कांहीं अधिक शिकविलेलें असतें. आभाळ भरलेलें असूनहि वारा सुटला असेल, तर दांडीवरचें धोतर तिसऱ्या प्रहरापर्यंत वाळतें. उलट दारें-खिडक्या लावून शेगडी पेटविलेल्या खोलींत तेंच धोतर रात्रभर दमट राहतें आणि त्याला कुबट वास येऊं लागतो. उष्णता पाण्याची वाफ करते हें खरें. पण ती वाफ वाहून नेणारें कोणी नसेल, तर भोंवतालची हवा तिनें भरून जाते व वाळण्याचें काम थांबतें. कपडे वाळविण्याच्या यंत्राचा सव्वादोनशें वर्षांचा इतिहास हा मला या एका साध्या गोष्टीच्या विस्मरणाचा इतिहास वाटतो. आणि हें यंत्र बिघडतें तेव्हां त्या बिघाडाचें मूळहि बहुधा येथेंच सांपडतें.

या इतिहासाचा आरंभ १८०० च्या सुमारास फ्रान्समध्यें पोशों नांवाच्या गृहस्थानें केलेल्या यंत्रापासून धरतात. सर्वांगास भोंकें पाडलेलें एक पिंप, तें फिरविण्यास हाताचा दांडा आणि खालीं उघडा विस्तव, एवढाच त्याचा संसार. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर बाळाचीं दुपटीं वाळवीत, त्या टोपलीची आणि या पिंपाची जात एकच. फरक इतकाच कीं, पोशोंच्या पिंपांत कपडे उलथेपालथे होत आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर त्यांच्या घड्यांतून हवा खेळे. कपड्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे, आणि दांडा फिरविणाराचा हात थांबला कीं सदऱ्याची बाही करपे, हे दोष होतेच. पण अशा पिंपांना त्या काळीं नांव मिळालें तें 'व्हेंटिलेटर', म्हणजे वारा खेळविणारें. हें नांव कोणीं ठेवलें असेल तें असो. ठेवणारास मर्म कळलें होतें.

पुढें अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील डेटन येथील जॉर्ज सॅम्प्सन या कृष्णवर्णीय संशोधकास ७ जून १८९२ रोजीं कपडे वाळविण्याच्या साधनाचें पेटंट मिळालें. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं त्याला स्वयंचलित यंत्राचा जनक म्हणून गौरविलेलें आढळतें. हा गौरव सद्भावनेचा असला तरी इतिहासाचा नव्हे. सॅम्प्सनची कृति म्हणजे चुलीजवळ कपडे टांगून ठेवण्याच्या चौकटी. काम झालें कीं त्या बाजूस सारून ठेवतां येत. ज्या काळीं त्याच्या समाजांतील असंख्य स्त्रिया लोकांचीं धुणीं धुऊन पोट भरीत होत्या, त्या काळीं त्यानें या कामाकडे बुद्धीनें पाहिलें आणि सरकारदरबारीं आपला हक्क नोंदविला, हें त्याचें खरें श्रेय. तें पुरेसें मोठें आहे. त्यावर दुसऱ्याचें श्रेय लादण्याचें कारण नाहीं.

पिंपास मोटार जोडण्याचें श्रेय ज्यांच्याकडे जातें, त्यांत नॉर्थ डकोटांतील रॉस मूर याचें नांव प्रमुख आहे. तो प्रांत कडक हिंवाळ्याचा. दोरीवर टाकलेली चादर तेथें वाळण्यापूर्वीं गोठून पत्र्यासारखी ताठ होते, आणि ती काढणाऱ्या बाईचीं बोटें बधिर होतात. घरांतलें हें दुःख पाहून मूरनें एका छपरीखालीं चूल मांडून फिरतें पिंप बसविलें. नंतर कैक वर्षें तो आपली कल्पना घेऊन कारखानदारांचीं दारें झिजवीत होता. शेवटीं विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स गांवच्या हॅमिल्टन कंपनीनें ती उचलली. ही कंपनी १८८० पासून छापखान्यांसाठीं लांकडी टाइप करीत आलेली, हें वाचून ग्रंथप्रेमी वाचकांस मौज वाटेल. जाहिरातींचीं मोठीं अक्षरें जेथें कोरलीं जात, तेथूनच हें घरगुती यंत्र १९३८ मध्यें बाजारांत आलें. त्याचें नांव 'जून डे'. आपल्याकडे जून म्हणजे मृगाचा पाऊस, म्हणून या नांवाचें हंसूं येईल. तिकडे मात्र जून म्हणजे स्वच्छ उन्हाचा महिना. पोशोंच्या पिंपाचें नांव वाऱ्यावरून होतें, मूरच्या यंत्राचें उन्हावरून पडलें.

याच यंत्राच्या दर्शनी दारास ब्रूक्स स्टीव्हन्स या रचनाकारानें कांचेची खिडकी बसविली. दुकानांतल्या नमुन्यांत भडक रंगाचे जांघे फिरत ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक थबकेल, असा सल्लाहि त्यानें दिल्याची हकीकत सांगतात. या खिडकीस मी या कथेंत बरेंच महत्त्व देतों. जुन्या पिंपाजवळ बसणाराच्या तोंडावर वाफ व धूर येत असे, त्यामुळें हवा कोठून येते व कोठें जाते हें त्याला शिकवावें लागत नसे. आतां घरधनी कांचेतून कपड्यांचा नाच पाहूं लागला आणि उष्णता व फिरणें म्हणजेच यंत्र, अशी त्याची समजूत झाली. वाऱ्याची वाट मागें भिंतीकडे गेली, दृष्टीआड झाली. दोरीचाहि मान गेला. अमेरिकेंतील कित्येक वसाहतींनीं अंगणांतलें धुणें अशोभनीय ठरवून त्यावर बंदी घातली, ती इतकी कीं दोरीवर कपडे वाळत घालण्याचा हक्क राखण्यासाठीं व्हरमाँट संस्थानास २००९ मध्यें कायदा करावा लागला.

ज्यांच्या लेकी-सुना तिकडे राहतात, त्यांना हें यंत्र तळघरांत घुमतांना ऐकून परिचित असेल. त्याचें अंतरंग फारसें गहन नाहीं. बहुतेक यंत्रांत एकच मोटार पट्ट्यानें पिंप फिरविते आणि पंखाहि फिरविते. पंखा बाहेरची हवा तापलेल्या तारेवरून ओढतो, ती कपड्यांतून जाते, जाळींतून गाळली जाते आणि नळीवाटे घराबाहेर पडते. मोटार फिरते पण पिंप स्तब्ध, तर पट्टा तुटला असें समजावें. पिंप फिरतें पण ऊब नाहीं, या विकाराचें एक कारण मोठें चमत्कारिक आहे. अमेरिकन विजेच्या यंत्रांत मोटार १२० व्होल्टांवर चालते, तर तापणाऱ्या तारेस २४० व्होल्ट, म्हणजे दोन जिवंत तारा लागतात. त्यांपैकीं एकीचा प्रवाह तुटला, तर यंत्र निरोगी दिसतें, घुमतें, आणि थंड राहतें. म्हणून आंतील भाग उघडण्यापूर्वीं विजेची पेटी पाहावी. आणि उघडावयाचें झालेंच, तर आधीं प्लग काढावा, हें सांगणें नलगे.

पण सर्वांत वारंवार ऐकूं येणारी तक्रार निराळीच असते. 'पूर्वीं तासाभरांत वाळत, आतां दोन फेऱ्या कराव्या लागतात.' अशा वेळीं तार जुनी झाली असें ठरवून ती बदलण्याकडे लोकांचा ओढा असतो. तार बहुधा धडधाकट असते. कोंडला असतो तो श्वास. कापड घासलें कीं त्याची लव सुटते. बरीचशी जाळीवर बसते, थोडी निसटून नळींत सांठते, आणि नळी लांब, वांकडी किंवा वळ्यावळ्यांची असेल तर अधिकच सांठते. परीक्षा सोपी आहे. यंत्र विजेचें असेल तर मागची नळी सोडवून अल्पकाळ चालवून पाहावें. कपडे पूर्वीसारखे वाळूं लागले, तर रोग नळींत आहे. (गॅसच्या यंत्रावर हा प्रयोग मुळींच करूं नये, त्यांतला विषारी धूरहि त्याच वाटेनें जातो.) जाळी स्वच्छ दिसली तरी तिच्यावर पाणी ओतून पाहावें. कपडे मऊ करण्यासाठीं जे सुवासिक कागद घालतात, त्यांचा मेणचट थर जाळीवर बसतो आणि पाणी वरच थबकतें. मग ती साबणानें धुवावी लागते.

हवा कोंडली कीं उष्णता आंतच सांठते, आणि एका मर्यादेस थर्मल फ्यूज नांवाची लहानशी वस्तु स्वतः जळून प्रवाह तोडते. ती पुन्हां जोडतां येत नाहीं, नवीच घालावी लागते. येथें घाईचा दुरुस्तीकार दोन चुका करतो. पहिली, नळी न तपासतां नवा फ्यूज घालणें. तो थोड्याच दिवसांत पुन्हां जातो. दुसरी चूक मात्र प्राणघातक आहे: सारखा जातो म्हणून फ्यूजच्या जागीं तारेचा तुकडा जोडून देणें. म्हणजे पहारेकरी वारंवार ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधून ठेवण्यासारखेंच. तेथून पुढें त्या कोंडलेल्या नळींत तापलेली हवा आणि कापसासारखी पेट घेणारी लव यांच्यामध्यें कांहींच उरत नाहीं. अमेरिकेच्या अग्निविषयक सरकारी खात्यानें २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब दिला आहे, त्यांत राहत्या घरांतील ड्रायरच्या आगी वर्षास सुमारें २,९०० असून, त्यांनीं सरासरीनें वर्षाला ५ माणसें दगावलीं आणि १०० जखमी झालीं. कारणांत पहिलें स्थान विजेच्या दोषाला नाहीं. ३४ टक्के आगींचें कारण सफाई न करणें हें नोंदलेलें आहे.

म्हणून तपासणी खिडकीपाशीं करूं नये, भिंतीच्या पलीकडे जावें. नळीच्या बाहेरच्या तोंडास एक झांकण असतें. यंत्र चालू असतां तें वर उचललें जातें कीं नाहीं, आणि तेथें हात धरला तर गरम, दमट वाऱ्याचा झोत लागतो कीं नाहीं, एवढें पाहावें. झोत मंद असेल, तर नळी सोडवून सबंध झाडून काढावी, आणि ती पातळ प्लॅस्टिकची वा पन्हळी पन्नीची असेल तर टाकून देऊन गुळगुळीत पत्र्याची आंखूड व सरळ नळी बसवावी. झांकणाच्या आडोशास पांखरांनीं घरटें केलेलें कधीं कधीं आढळतें. तें काढण्यापूर्वीं आंत पिलें नाहींत ना, हें पाहून घ्यावें, आणि असलीं तर तीं उडून जाईपर्यंत धुणें दोरीवर घालावें.