ठासणीची बंदूक आणि राणीचा कायदा

गेल्या दिवाळीत आम्ही सारे मालवण तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी जमलो होतो. धाकट्या पुतण्याने टिकल्यांचे पिस्तूल घेतले होते आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत त्याने घरातले एकही माणूस जिवंत ठेवले नाही. माझ्या आईला तर तो दिवसातून तीन वेळा मारी, आणि तीही बिचारी दर वेळी हातातले सूप खाली ठेवून रीतसर मरत असे.

त्याची थोरली बहीण नववीत आहे. वर्तमानपत्र वाचते, म्हणून तिचे प्रश्न टिकल्यांइतके सोपे नसतात. ती म्हणाली, "काका, अमेरिकेत म्हणे खरी बंदूक दुकानात मिळते. आपल्याकडे का मिळत नाही?"

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण हा प्रश्न मला टाळता येईना. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासातील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एका अठरा वर्षांच्या पोराने वर्गात शिरून १९ मुले आणि २ शिक्षिका गोळ्या घालून मारल्या. त्यानंतर कितीतरी दिवस वर्गाचे दार वाऱ्याने वाजले तरी माझे लक्ष फळ्यावरून उडत असे. त्या देशात माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत असा जाणकारांचा अंदाज आहे. हे असे का झाले, आणि आमच्याकडे तसे का झाले नाही, याचे उत्तर द्यायला मला १७७५ सालापासून सुरुवात करावी लागली.

अमेरिका तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होती. १९ एप्रिल १७७५ रोजी बॉस्टनहून निघालेली इंग्रजांची फौज काँकर्ड गावी साठवलेला दारूगोळा जप्त करायला चालली होती. वाटेत लेक्झिंग्टन येथे बंदूकधारी गावकऱ्यांशी तिची गाठ पडली, गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटले. ते युद्ध गावकऱ्यांनी जिंकले. सरकार आपली बंदूक काढून घ्यायला येते ही आठवण त्यांच्या मनात इतकी ताजी होती, की शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांनी १७९१ साली आपल्या घटनेतच घातला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क एकेकट्या नागरिकाचा आहे असा निर्णय दिला. शिकाऱ्याची रायफल, घरधन्याचे पिस्तूल आणि वेड्याच्या हातची संहारक बंदूक, तिघांचा वाद आजही त्या एका कलमाभोवती फिरतो आहे.

आमच्याकडे त्याच इंग्रजांशी गाठ पडली, पण निकाल उलटा लागला. १८५७ साली आम्ही हरलो. हरलेल्यांची हत्यारे काढून घेण्याची रीत जुनीच आहे. त्याच साली हत्यारांबाबत एक कायदा झाला, १८६० साली दुसरा झाला. पण खरा पक्का बंदोबस्त केला तो लॉर्ड लिटनने, १८७८ साली. हाच तो लिटन, ज्याने दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरवली. १८७८ च्या मार्चमध्ये त्याने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले आणि त्याच वर्षी हत्यारांचा कायदा केला. एकाच वर्षात लेखणी आणि बंदूक दोन्ही परवान्यांच्या दावणीला बांधली गेली. पुढे लॉर्ड रिपनने वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांचा कायदा मात्र राहिला. यावरून सरकारला अधिक भीती कशाची वाटत होती ते समजावे.

या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, आणि हत्यार लपवून ठेवले तर सात वर्षांपर्यंत. एवढ्यावर कोणी तक्रार केली नसती. मेख होती ती माफीच्या यादीत. युरोपियनांना परवाना नको, अँग्लो-इंडियनांना नको, काही निवडक बड्या लोकांना नको. कूर्गच्या कोडवा लोकांना आधीपासूनच सूट होती, आणि ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. राहिला तो सामान्य रयत. मळ्यावरचा कालपरवा आलेला गोरा पोरगा खांद्यावर रायफल टाकून वाघाच्या मागे जाई, आणि ज्याची गाय त्या वाघाने नेली त्या कुणब्याने ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या! खून होतात म्हणून केलेला कायदा असता तर त्यात कातडीचा रंग पाहिला नसता. हा कायदा रयतेच्या भीतीतून जन्मला होता.

आणि ज्यांना अडवायचे होते ते अडले काय? कायदा होऊन वर्ष लोटते न लोटते तोच १८७९ साली पुण्याच्या सरकारी हिशेबखात्यातील एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, रामोशी साथीदार जमवून उठला. त्या जुलैत तो विजापूर जिल्ह्यात देवर नावडगी येथे पकडला गेला आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारला. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने जॅक्सनवर पिस्तूल चालवले. ते विलायतेतून चोरून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. ज्याने मरायचे ठरवले आहे तो परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही, हे तीस वर्षांत तीनदा दिसून आले. रांगेत उभा राहिला तो शेतकरी.

म्हणून राष्ट्रीय सभेने हा प्रश्न लवकरच हाती घेतला. १८८७ साली मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजींच्या अध्यक्षतेखाली तिसरे अधिवेशन भरले, तिथे बिपिनचंद्र पाल यांनी या कायद्याविरुद्ध जोरदार भाषण केले. आश्चर्य असे की अहिंसेचे व्रत घेतलेले गांधीजीही या बाबतीत मागे नव्हते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते सैन्यभरतीसाठी फिरत होते, तेव्हा काढलेल्या पत्रकात, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा गणला जाईल, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. शस्त्र टाकून देणे आणि शस्त्र हिसकावून घेतले जाणे यांतला फरक त्यांना पुरता ठाऊक होता. १९२० पासून नव्या नियमांनी गोऱ्याकाळ्याचा भेद कागदावरून गेला. १९३१ साली कराचीस वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात प्रत्येक नागरिकाला नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राहील असे स्पष्ट म्हटले होते.

म्हणजे स्वराज्य आले की आम्हीही अमेरिकेच्या वाटेने जाणार, असेच कोणाला वाटले असते.

पण स्वराज्य आले आणि ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी, दिल्लीच्या बिर्ला भवनात, बिनपरवान्याच्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या. ज्याने त्या कायद्याला काळा म्हटले होते त्याच्याच अंगात त्या शिरल्या. मारणारा आमच्या पुण्याचा होता, हे लिहिताना मराठी माणसाचा हात आजही जड होतो.

त्यानंतर दहा महिन्यांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत हरि विष्णु कामत उठले. कराचीच्या ठरावाची आठवण देऊन त्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की परक्या सरकारपुढे ती मागणी योग्य होती, आता परिस्थिती पालटली आहे. संकटकाळी देशासाठी शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, त्याच्यावर भर द्या. ज्याला वाटेल त्याने बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत आणायचे ठरवले, तर राज्य चालवायचे कसे? दुरुस्ती नामंजूर झाली. हजारो वर्षे ज्या समाजाचे हक्क हिरावले गेले त्या समाजात जन्मलेल्या माणसाने हा निर्णय मांडला, म्हणून मला त्याचे वजन अधिक वाटते.

राणीचा कायदा मात्र त्यानंतरही काही वर्षे चालूच होता. तो बदलला १९५९ साली, आणि नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात एक कलम आहे, ते वाचून मला आजोबा आठवले. पिकाच्या संरक्षणासाठी खरोखर हवी असेल, तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्या कलमाने म्हटले आहे. दिल्लीच्या कायद्यात आमच्या ठासणीच्या बंदुकीला तिच्या नावाने जागा मिळाली!

आमच्या घरी तशी एक होती. ओटीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असे. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडायची. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची बारीक टोपी बसवायची. एक बार काढायला एवढा खटाटोप की तोवर डुक्कर दुसऱ्या गावात पोचत असे. आजोबा म्हणत, "ही मारायची बंदूक नव्हे, सांगायची बंदूक." परवान्याचा कागद ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवत.

मी नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट. आश्विनाची रात्र होती, भात पिकले होते. आजोबांना ताप होता, म्हणून धाकटे काका बंदूक घेऊन माळ्यावर गेले. पहाटेकडे भातात खसफस झाली. काकांनी बार काढला. ओरडला तो माणूस! शेजारचा कुळाडी आपल्या कुणग्यातली डुकरे हाकलीत आमच्या बांधाशी आला होता. छर्रे मांडीत शिरले होते. तो जगला, पण पुढे आयुष्यभर एक पाय ओढीत चालला. परवाना आजोबांच्या नावाचा, चाप ओढला काकांनी. खटला झाला, दंड झाला, आणि आजोबांनी बंदूक आपणहून ठाण्यावर नेऊन दिली. परत आले ते थेट त्या शेजाऱ्याच्या खळ्यात गेले. मी बरोबर होतो. आजोबांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "बंदूक दिलात तां बरां केलात, अण्णानू. पण डुकरांका आता कोण सांगतलो?"

या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि तो हवाच होता. राजेलोकांनी आणि साहेबांनी हौसेखातर रान रिकामे करीत आणले होते. १९५२ साली तर चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले. कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीचे रान होते ते दाजीपूर, १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. १९९१ साली परवाना घेऊन हौशी शिकार करण्याची वाटही बंद झाली. शिकारीचा हक्क असा गेला, आणि माझ्यासारख्याला त्याची हळहळ नाही. पण शेतकऱ्याची गंमत पाहा. पिकासाठी बंदूक ठेवणे कायदेशीर, तिचा बार काढणेही कायदेशीर. मात्र परवानगीवाचून डुक्कर मेले की गुन्हा. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व नीलगाय यांच्यापुरती ती परवानगी वनअधिकाऱ्याकडून मिळण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी पिके खाणारी जनावरे मारावीत की नाहीत यावरून केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, उघडपणे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. शिवाय निवडणूक आली की कोकणातल्या शेतकऱ्याला बंदूक ठाण्यावर जमा करण्याची नोटीस येते. डुकरे काही आचारसंहिता पाळीत नाहीत!

दुसरीकडे, उत्तरेत वरातीत आनंदाच्या भरात बार काढायचे आणि मांडवातच कोणीतरी मरायचे, असे वारंवार घडू लागले. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने अशा बारांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही सांगितले आणि एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरवले. यात मला काही खटकत नाही.

पुतणीला मी शेवटी एवढेच सांगितले. परवाना हा विश्वासाचा कागद आहे. लिटनने तो मागितला तेव्हा त्याचा आमच्यावर विश्वास नव्हता, म्हणून तो कायदा अपमान होता. बाबासाहेबांनी तोच कागद ठेवला, पण सगळ्यांसाठी एकच ठेवला, म्हणून तो शिस्त झाला. आता तो कागद हाती असलेल्या गरीब माणसालाही कचेरीने चोर समजू नये, इतके आपण सांभाळायचे. "आणि आजोबांनी बंदूक दिली ते बरोबर केले?" तिने विचारले. मी म्हटले, "हो. पण शेजाऱ्याचेही बरोबर होते."

एवढ्यात धाकट्याच्या टिकल्या संपल्या. स्टुलावर चढून त्याने आपले पिस्तूल त्या जुन्या खुंटीला अडकवले. आईने उगाच त्यावर एक झेंडूचे फूल ठेवले. काळोख पडला होता, आणि कुणग्याकडून डुकरांना हाकलण्यासाठी कोणीतरी रिकामा डबा बडवीत असल्याचा आवाज येत होता.