सूक्ष्म आरएनए व अक्षतंतूंचे दिशादर्शन

सूक्ष्म आरएनए : भ्रूणातील चेतापेशींच्या वाढत्या अक्षतंतूंना योग्य लक्ष्यापर्यंत पोहोचण्यासही साहाय्य करणारे, सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे आरएनए रेणू (पहा : आरएनए, चेतापेशी).

व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ मध्ये सूत्रकृमीतील ‘लिन-४’ या पहिल्या सूक्ष्म आरएनएचे कार्य उलगडले. या शोधाला २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सूक्ष्म आरएनए स्वतः प्रथिन घडवत नाही; संदेशवाही आरएनएला जोडून तो प्रथिननिर्मिती रोखतो किंवा तो संदेशच नष्ट करवतो (पहा : जनुक अभिव्यक्ती).

अक्षतंतूच्या टोकाशी असलेला वृद्धिशंकू परिसरातील आकर्षक व प्रतिकर्षक रसायने टिपत पुढे सरकतो. आफ्रिकी नखी बेडकाच्या (झेनोपस) दृष्टिपटलातील चेतापेशींत ‘एमआयआर-१२४’ हा सूक्ष्म आरएनए ‘कोरेस्ट’ या प्रथिनाची निर्मिती कमी करतो. त्यामुळे न्यूरोपिलिन-१ हा ग्राही वृद्धिशंकूवर नेमक्या वेळी येतो आणि अक्षतंतू सेमाफोरिन-३ए या प्रतिकर्षकापासून दूर राहतो. एमआयआर-१२४ कमी केल्यास अक्षतंतू निषिद्ध भागात शिरतो. त्याच पेशींच्या अक्षतंतूंत ‘एमआयआर-१८२’ हा सूक्ष्म आरएनए कोफिलिन-१ या प्रथिनाचा संदेश दाबून ठेवतो. स्लिट-२ या मार्गदर्शक रसायनाचा संकेत मिळताच हा दाब उठतो, जागेवरच कोफिलिन तयार होते आणि वृद्धिशंकू वळतो.

सूक्ष्म आरएनए घडवणारे डायसर हे विकर उंदराच्या दृष्टिपटलातून काढल्यास दृक्-व्यत्यासापाशी (दोन्ही दृक्-चेता जेथे एकत्र येतात तेथे) अनेक अक्षतंतू चुकीच्या वाटेला लागतात (पहा : दृक्-चेता). या सर्वांवरून चेतामंडलाच्या जोडणीत ग्राहींइतकेच त्यांच्या निर्मितीच्या वेळेचे व स्थानाचे नियंत्रण निर्णायक असल्याचे दिसते.