वर्षाचे भाडे एक गिल्डर

जर्मनीत गेलेला प्रवासी किल्ले आणि कॅथीड्रले पाहतो. बव्हेरियातील आउग्सबुर्ग नगरात मात्र आम्ही श्रोत्यांना आधी गोरगरिबांच्या घरांकडे नेऊ इच्छितो.

याकोब फुग्गर हा येथला धनाढ्य सावकार. तांब्या-चांदीच्या खाणींतून त्याने अमाप संपत्ती मिळविली आणि १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सची सम्राटपदी निवड व्हावी म्हणून भल्यामोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या. त्याच फुग्गरने १५२१ मध्ये ‘फुग्गराय’ ही वसाहत धर्मादाय म्हणून स्थापिली. गरजू कॅथलिक रहिवाशाने वर्षाला एक ऱ्हाइन गिल्डर द्यावा आणि रोज ३ प्रार्थना म्हणाव्यात, असा दंडक. ते भाडे आजही अवघे ८८ सेंट; पाहुण्याचे प्रवेशतिकीट त्याहून कितीतरी महाग! दारावरील घंटांच्या मुठी निरनिराळ्या घाटांच्या, म्हणजे अंधारात चाचपूनही आपले दार ओळखावे. रात्री १० ला वेस बंद होते. उशिरा येणाऱ्याला पहारेकऱ्याच्या हातावर नाणे ठेवावे लागते. संगीतकार मोझार्टचा पणजा, गवंडी फ्रान्झ, येथेच राहत असे. फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुढे ती पुन्हा बांधली गेली.

हे दान की सावकारीचे प्रायश्चित्त, हा वाद कोणी घालावा. आम्हांस महत्त्वाची वाटते ती भाड्याची अट. घर फुकट दिले असते, तर राहणारा आश्रित ठरला असता. एका गिल्डरने तो भाडेकरू झाला. गरिबाला मदत देताना त्याची मान ताठ ठेवता येते, एवढे या घरांपासून आपण शिकावे.