पाळणामृत्यू व अर्भकाची सुरक्षित निद्रा

पाळणामृत्यू : एक वर्षाच्या आतील, वरवर निरोगी दिसणाऱ्या अर्भकाचा झोपेत अकस्मात मृत्यू होणे आणि शवपरीक्षा, मृत्युस्थळाची पाहणी व पूर्ववृत्ताची छाननी करूनही त्याचे कारण न सापडणे, यास पाळणामृत्यू किंवा आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांत असे मृत्यू सर्वाधिक आढळतात. मूळ कारण पूर्णपणे ज्ञात नसले, तरी धोका वाढविणाऱ्या गोष्टी ज्ञात आहेत. त्यांत अर्भकास पालथे झोपविणे ही प्रमुख होय.

यूरोपात अशा मृत्यूचा दोष अनेक शतके आईच्या माथी येई. झोपेत ती अर्भकाच्या अंगावर पडली, असे मानीत. एकोणिसाव्या शतकात, वाढलेल्या यौवनलोपी ग्रंथीमुळे श्वासनलिका दबते, असा तर्क पुढे आला. त्यापोटी निरोगी मुलांच्या छातीवर क्ष-किरणांचा उपचार करण्यात आला आणि त्यांपैकी काहींना पुढे अवटू ग्रंथीचा कर्करोग झाला. १९६९ साली अमेरिकेतील सीॲटल येथील परिषदेत या मृत्यूंची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली.

याच काळात पाश्चात्त्य वैद्यक अर्भकांना पालथे झोपविण्याचा सल्ला देत होते. ओकारी घशात अडकू नये, हा त्यामागील हेतू होता. वस्तुतः उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस राहते व हा धोका वाढत नाही. नेदर्लंड्समध्ये पालथे झोपविण्याची प्रथा रूढ झाल्यावर पाळणामृत्यू वाढले. १९८७ पासून तिच्याविरुद्ध प्रचार होताच ते घटले. ब्रिटनमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली उताणे झोपविण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि त्या देशांतील पाळणामृत्यू निम्म्याहून कमी झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार १९७० पर्यंतच पुरेसा पुरावा उपलब्ध होता. तो वेळीच एकत्र तपासला असता, तर ब्रिटनमधील १०,००० हून अधिक आणि यूरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियातील मिळून किमान ५०,००० अर्भकांचे मृत्यू टळले असते.

उताणे झोपविण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. पाळण्यात वा जुन्या लुगड्याच्या झोळीत मूल उताणेच राहते आणि डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतानाही त्यास उताणेच ठेवतात. अर्भकाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. तथापि परंपरेतील सर्वच गोष्टी निर्धोक नाहीत. खोल झोळीत लहान अर्भकाची हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. उशी, गोधडी वा दुपटे तोंडावर येऊ शकते. बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, तसेच ओवा, बाळंतशेपा व ऊद यांची धुरी देणे यांमुळे बंद खोलीत धूर कोंडतो. निखाऱ्यांपासून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर प्राणघातक ठरतो.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नास हवामानाचीही बाजू आहे. निफाड परिसरात हिवाळ्यात तापमान कधीकधी ५° से. च्याही खाली उतरते. अशा थंडीत कमी वजनाच्या नवजात अर्भकास ऊब मिळणे अत्यावश्यक असते. परंतु तोंड झाकणारी पांघरुणे व अतिरिक्त उष्णता यांनी धोका वाढतो. त्यामुळे आईच्या त्वचेशी लावून धरणे, हा कमी वजनाच्या अर्भकासाठी अधिक सुरक्षित उपाय होय; मात्र तेव्हा आई जागी असावी आणि अर्भकाचे नाक-तोंड मोकळे असावे. सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांच्या पाड्यांवर घरी दगावलेल्या अर्भकाची शवपरीक्षा क्वचितच होते. परिणामी पाळणामृत्यूचे निदान व नोंद होणे दुरापास्त ठरते. नोंद नाही, यावरून असे मृत्यू होत नाहीत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आईचे तंबाखूसेवन हाही धोक्याचा घटक आहे. मुंबईतील एका अभ्यासात (२००४) मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींच्या अर्भकांचे जन्मवजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमनी कमी आढळले. कमी वजन व अकाली जन्म यांमुळे पाळणामृत्यूचा धोका वाढतो. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५–९८ मध्ये ३९ गावांत केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या घरभेटींमुळे नवजात-मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. हा प्रयोग पाळणामृत्यूंपुरता नव्हता. तथापि त्याच्याच आधारे २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या. अर्भक कोठे व कसे झोपते, हे प्रत्यक्ष पाहण्याची संधी या भेटींत मिळते.

अर्भकास प्रत्येक वेळी उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर, उशीविना, आईच्याच खोलीत पण स्वतंत्र जागी झोपवावे. खोलीत धूर नसावा आणि स्तनपान चालू ठेवावे. या उपायांना खर्च जवळजवळ लागत नाही.